भाड्याची टीम म्हणे!

सकाळी सकाळी डोकं फिरलं. आमच्या फुटबॉलवाल्या ग्रुपवर एकानं केप व्हर्देच्या टीमचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'अर्धी पोरं हॉलंडची, भाड्याची टीम घेऊन वर्ल्ड कपला निघालेत.' खाली हसणाऱ्या स्मायल्यांची रांग. तिथं भांडत बसलो असतो तर ऑफिस बुडलं असतं, म्हणून इथं लिहितोय.

केप व्हर्दे म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेला, सेनेगलच्या पलीकडं समुद्रात दहा बेटं, माणसं सव्वापाच लाखांच्या आसपास, म्हणजे सगळा देश आपल्या कोल्हापूर शहरात मावेल. पावसाचा पत्ता नाही, 1940 नंतरच्या दुष्काळांत हजारो माणसं उपाशी मेली, पोर्तुगीज 1975 पर्यंत हलले नाहीत. पोटासाठी लोक रॉटरडॅमला गेले, लिस्बनला गेले, बोस्टनकडं गेले. आज देशात आहेत त्यापेक्षा बाहेर जास्त आहेत म्हणतात. मग त्यांची नातवंडं रॉटरडॅमला जन्मणार नाहीत तर काय रंकाळ्यावर?

माझ्या आत्याचा पोरगा डोंबिवलीचा. मे महिन्यात इकडं यायचा आणि तालमीच्या पोरांबरोबर खेळायचा. एका वर्षी सुट्टीतल्या स्पर्धेत त्याला घेतला तर कट्ट्यावरनं बोंब, 'पाव्हण्याला कशाला घेतलाय रे!' पाव्हणा कसला, त्याच्या आईचं सगळं बालपण त्याच गल्लीत गेलेलं. सेमीफायनलला घसरून गुडघा सोलला, मोजा रक्तानं चिकटला, तरी बाहेर यायला तयार नाही. आजीनं हळद दाबली तेव्हा मात्र असा केकाटला की शेजारचे गोळा झाले.

त्यांच्या टीममधला तो रॉबर्टो लोपेस बघा. डब्लिनचा, बाप केप व्हर्देचा. पूर्वी बँकेत काम करायचा. केप व्हर्देच्या तेव्हाच्या कोचनं त्याला लिंक्डइनवर मेसेज टाकला, तो पोर्तुगीजमध्ये, यानं स्पॅम समजून सोडून दिला. काही महिन्यांनी कोचनं परत विचारलं, तेव्हा कुठं गडी जागा झाला. 2019 पासून खेळतोय. भाड्याची माणसं अशी शोधतात होय? आणि गोलकीपर वोझिन्या तिथल्याच मिंदेलो शहरातला, जून 2026 मध्ये चाळिशीचा. आताचा कोच बुबिस्ताही बेटांवरचाच, स्वतः टीमचा कॅप्टन होता. पण फोटोखाली कमेंट टाकताना एवढं कोण बघतंय.

बरं, 2026 चा वर्ल्ड कप 48 टीमचा झाला, आफ्रिकेच्या थेट जागा 5 वरनं 9 झाल्या, त्याचा फायदा झाला, मान्य. मागच्या आफ्रिका कपला यांना पात्रताही मिळाली नव्हती, तेही मान्य. पण वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत यांच्या ग्रुपमध्ये कॅमेरून होता राव! आठ वर्ल्ड कप खेळलेला कॅमेरून! त्यांच्या घरी 4-1 नं मार खाल्ला आणि आपल्या राजधानीत, प्रायात, त्यांनाच 1-0 नं काढलं. मग 13 ऑक्टोबर 2025 ला एस्वातिनीला 3-0 नं हरवून वर्ल्ड कपचं तिकीट काढलं.

आणि दुसऱ्याच दिवशी, 14 ऑक्टोबरला, आपण कुठं होतो? मडगावला, फातोर्ड्यात, सिंगापूरकडनं 2-1 नं हरत होतो. वर्ल्ड कप राहू दे, आशिया कपमधनंही बाहेर. त्या रात्री हेच स्मायलीवाले गप होते.

लगेच कुणीतरी '140 कोटींत 11 मिळत नाहीत' हे रडगाणं सुरू करणार, ते नको. जनगणनेवर टीम होत नसते. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळं लंडन-टोरांटोत वाढलेलं, तिकडचा पासपोर्ट असलेलं आपलं पोरगं भारताकडनं खेळू शकत नाही. फुटबॉलर रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला तेव्हा कुठं भारताच्या टीममध्ये आला. त्यालाही कुणीतरी 'पाव्हणा' म्हटलंच असणार.

आत्याचा पोरगा आता चाळिशी ओलांडलेला, डोंबिवलीतच असतो, त्याला विचारलं तुझी टीम कुठली, तर अजून आमच्या तालमीचं नाव घेतो. मुंबईच्या एका टीमकडनं तो चार वर्षं खेळला, तिचं नावसुद्धा काढत नाही. आता यात भाडं कुठं आलं ते सांगा मला.

असो, राग उतरला थोडा. वर्ल्ड कपमधला केप व्हर्देचा ग्रुप अवघड आहे. 15 जूनला अटलांटात स्पेन, मग उरुग्वे, मग 26 ला ह्यूस्टनला सौदी. स्पेनकडनं चार खाल्ले तरी चालतील, उरुग्वेला कसंतरी बरोबरीत धरा आणि सौदीला काढा. तिसऱ्या नंबरच्या आठ टीम पुढं जाणार आहेत. लावा ताकद!