तेलाचा पैसा आणि मक्याचे बियाणे

यवतमाळ जिल्ह्याहून थोडाच मोठा असलेला पूर्व तिमोर हा देश परवा आमच्या पारावर वादाचा विषय झाला. १९९९ च्या सार्वमतात लोकांनी इंडोनेशियापासून वेगळे होण्याचा कौल दिला, तेव्हा माघारी जाणाऱ्या सैन्याने आणि त्याने पोसलेल्या टोळ्यांनी घरेदारे जाळली, आणि २००२ साली स्वतंत्र झालेल्या या देशाला शेतीची घडी पुन्हा बसवावी लागली, एवढी माहिती निवृत्त गुरुजींनी दिली.

कृषी केंद्र चालवणाऱ्या मित्राचे म्हणणे असे पडले की, समुद्रातील तेल-वायूच्या कमाईचा निधी २००५ पासून हाताशी असताना गावोगाव ट्रॅक्टर द्यायला काय हरकत होती? "अरे बाबा, डोंगरउतारावरच्या मक्यात ट्रॅक्टर फिरवशील कुठे?" असे गुरुजींनी विचारले. सरकारने त्या काळात परदेशी तांदूळ विकत घेऊन लोकांना स्वस्तात विकला, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. शिवाय तेथे अमेरिकी डॉलरच चालतो, त्यामुळे आपले चलन स्वस्त करून, म्हणजे आयात महाग करून, देशी धान्याला आधार देण्याची सोय त्या सरकारला नाही. सोयाबीनच्या भावासाठी आयात खाद्यतेलाला शिव्या घालणाऱ्या आम्हा मंडळींना हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

मला मात्र तेथील बियाण्यांचे काम अधिक मोलाचे वाटते. ऑस्ट्रेलियाच्या मदतीने चाललेल्या 'सीड्स ऑफ लाइफ' कार्यक्रमात मका, भात, भुईमूग, रताळे यांचे नवे वाण शेतकऱ्यांच्याच रानात गावरान वाणाशेजारी लावून पाहिले जात, आणि उताऱ्याइतकीच चवही विचारात घेतली जाई. 'सेले' हा मक्याचा वाण संकरित नसल्यामुळे त्याचे बी घरीच राखता येते. आपल्याकडे कपाशीचे पाकीट दरसाल नव्याने घ्यावे लागते, तसे नाही. पुढे साठवणीसाठी लोखंडी पिंपेही वाटली गेली, कारण सोंड्यांनी, म्हणजे धान्यातल्या किड्यांनी, कणसे पोखरली की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे उपासमारीचे महिने आणखी लांबतात. कॉफी हे तेथील निर्यातीचे मुख्य पीक. पण तिच्या एका हंगामाच्या पैशावर वर्ष निघत नाही.

त्यावर दुकानदार मित्राने काढलेला मुद्दा कोणालाच खोडता आला नाही. मका परपरागी असल्याने शेजारच्या वाणाचे पराग येऊन घरचे बी काही वर्षांत भेसळते, तेव्हा २०१६ मध्ये तो कार्यक्रम संपल्यानंतर मूळ शुद्ध बी राखायचे कोणी? ट्रॅक्टरचा हट्ट सोडून, तेलाचा पैसा शुद्ध बी वाढवणाऱ्या सरकारी बीजगुणन क्षेत्रांवर खर्च व्हावा, असे तोच म्हणू लागला.