दर पडायच्या आधी पिल्लांचा आकडा कळू द्या
श्रावणामुळं ब्रॉयलरचे, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या कोंबड्यांचे, दर पडले, असं एका लेखात म्हटलंय. ते अर्धंच खरं. श्रावण दरवर्षीच येतो. त्याआधी शेडवर पिल्लं किती सोडली, हे कोण सांगणार? अंडी उबवणीच्या मशीनला लावल्यापासून पिल्लू निघायला 21 दिवस, पुढं शेडवर साधारण 40 दिवस. म्हणजे आज बाजारात आलेला माल दोन महिन्यांपूर्वीच ठरलेला असतो! अमेरिकेचं कृषी खातं किती अंडी लावली, किती पिल्लं शेडवर गेली, ते दर आठवड्याला जाहीर करतं. आमच्या बीड-लातूरकडं दर कोसळल्यावरच कळतं. कंपनीच्या करारावर पक्षी सांभाळणाऱ्याला किलोमागं ठरलेले पैसे तरी मिळतात. पदरच्या पैशानं पिल्लं अन् खाद्य घेणारा पुरता बुडतो. पशुसंवर्धन विभागानं हॅचऱ्यांकडून (अंडी उबवणी केंद्रांकडून) पिल्लांचे जिल्हावार आकडे दर आठवड्याला घेऊन लोकांसमोर ठेवावेत.