आठ कॅमेरे आणि वॉचमनला सुट्टी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय: "आठ कॅमेरे बसवा, वॉचमनचा पगार वाचवा. महिनाभराचं रेकॉर्डिंग राहतं, अंधारातही चेहरा ओळखता येतो, चोरी झालीच तर फुटेजवर विमा मिळतो." कॅमेरे बसवणं हाच माझा धंदा, म्हणजे मेसेज माझ्या फायद्याचाच. तरी सांगतो, यातलं एकही वाक्य धड नाही.

महिनाभराचं रेकॉर्डिंग? दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसवर दिवसाला २१-२२ जीबी खातो. आठांचे झाले १७० च्या वर. स्वस्तातल्या कोटेशनमध्ये हार्डडिस्क असते १ टीबीची, म्हणजे हजार जीबीची. सहावा दिवस सरायच्या आत पहिल्या दिवसावर नवं रेकॉर्डिंग चढायला लागतं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या सुट्टीत टॉवेलचे गठ्ठे गेले आणि स्टॉक मोजताना आठवड्याने कळलं, तर बघायचं काय?

चेहऱ्याचं तर बोलूच नका. अनोळखी माणूस ओळखू यायला चित्रात मीटरभर रुंदीमागे २५० पिक्सेल लागतात, असं २०१४ चं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. नेहमीच्या २.८ एमएम लेन्सला ते जेमतेम तीन-चार मीटरपर्यंत जमतं. पुढे नुसतं "कुणीतरी आलं होतं". त्यात आपल्याकडे तूस, म्हणजे मागावरून उडणारे सुताचे बारीक तंतू. ते लेन्सवर बसतं, त्याच्या आधाराने कोळी जाळं विणतो, आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की तेच जाळं पांढरंशुभ्र चमकतं. एका शेडमध्ये शिडीवर चढून मी बोटाने तो थर पुसला, तर मोबाईलवर बघणारे मालक खालून ओरडले, "आत्ता दिसायलंय की ओ!" तोवर त्यांनी नुसतं धुकं रेकॉर्ड केलं होतं.

विम्याचं थोडक्यात: घरफोडीच्या पॉलिसीला कुलूप किंवा शटर जबरदस्तीने फोडल्याची खूण लागते. आपल्याच माणसाने किल्लीने उघडून माल नेला, तर फुटेज आरशासारखं असलं तरी उपयोग नाही. त्याला फिडेलिटी कव्हर, म्हणजे नोकरांच्या अफरातफरीचा विमा, वेगळा घ्यावा लागतो. कोर्टातही डीव्हीआरच्या (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याच्या) स्क्रीनचं मोबाईलवर केलेलं शूटिंग चालेल असं धरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदलली नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासह) प्रमाणपत्र द्यावं लागतं.

राहिला वॉचमन. कॅमेरा बघतो, पण जागेवरून उठत नाही. शटरला मॅग्नेटिक सेन्सर, सायरन आणि फोन लावणारं पॅनेल जोडलं तर निदान कुणाला तरी जाग येते. पण पहाटे तीनला फोन वाजल्यावर जुळे सोलापुरातून गाडी काढून पोहोचेपर्यंत टेम्पो भरून झालेला असतो. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेच्या संध्याकाळी हवाच अंगाइतकी तापते, तेव्हा उष्णतेच्या फरकावरून माणसाची हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सरही सुस्तावतो. गेटवर माणूस हवाच, नाहीतर अलार्म वाजताच जवळून कुणाला तरी पाठवणारी मॉनिटरिंग सेवा तरी.

आणि डीव्हीआर टेबलाखालून काढून कुलपाच्या लोखंडी कपाटात ठेवा. जाताना चोर तोच काखोटीला मारतो.