चांदी कुणाच्या खिशातली?

‘इंग्रजांच्या चहाचा खरा इतिहास’ हा फॉरवर्ड महिनाभर फिरतोय. मी दुर्लक्ष करत होते. काल भाचीने तो शाळेच्या प्रकल्पवहीत सुवाच्य अक्षरात उतरवलेला पाहिला, खाली कपबशीचं चित्र काढून. आता गप्प बसवत नाही.

फॉरवर्ड म्हणतो, चहा मूळचा आपला. लग्नात मुंबई आंदण घेऊन इंग्लंडला आलेल्या पोर्तुगीज कॅथरीन राणीने १६६२ मध्ये तो इंग्लंडला दाखवला. सॅम्युअल पेपिस या लंडनच्या सरकारी अधिकाऱ्याची रोजनिशी उघडा. २५ सप्टेंबर १६६० ची नोंद आहे: चहा मागवला, हे चिनी पेय, आधी कधी प्यायलो नव्हतो. राणी यायला अजून दीड वर्षाहून जास्त काळ होता, आणि माल चीनचा हे पिणाऱ्याला ठाऊक होतं. एका नोंदीत दोन्ही दावे आडवे. राणीमुळे दरबारात चहाचा तोरा वाढला, एवढं मान्य. आसामात सिंगफो लोक आधीपासून चहा पीत, हेही खरं. पण आसामचा चहा लंडनच्या लिलावात आला १८३९ मध्ये.

तेव्हा इंग्रजांची वसाहत असलेल्या अमेरिकेतल्या बोस्टनकरांनी १७७३ मध्ये चहा समुद्रात फेकला तो महागला म्हणून, हेही चूक. तो स्वस्त झाला होता. भांडण इंग्लंडच्या संसदेला तिथे कर लावायचा हक्क आहे का, याचं होतं.

माझं डोकं फिरलं ते या वाक्याने: ‘इंग्रजांनी चीनला प्रत्येक पेटीचे पैसे रोख चांदीत मोजले.’ सुरुवातीला मोजलेही. मग चांदी पुरेना. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने बिहार-बनारसच्या शेतकऱ्यांना उचल देऊन अफू पिकवून घेतली, कलकत्त्यात तिचा लिलाव केला. खासगी व्यापाऱ्यांनी ती चीनमध्ये चोरून विकली; तिथे अफूला बंदी होती. विक्रीची चांदी कॅंटन या चिनी बंदरात कंपनीच्या तिजोरीत भरली जाई आणि तिच्यातूनच चहा घेतला जाई. म्हणजे चांदी अफूच्या आहारी गेलेल्या चिनी माणसाच्याच खिशातली. माळव्याची अफू तर आपल्या मुंबई बंदरातून जायची. जे.जे. रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे, त्या सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीतही या व्यापाराचा मोठा वाटा होता. १८३९ मध्ये लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने वीस हजारांहून जास्त पेट्या अफू नष्ट केली, तर इंग्रजांनी युद्ध पुकारलं आणि हाँगकाँग घेतलं.

भाचीने ते पान फाडलंय. कपबशीशेजारी आता अफूची पेटी काढतेय.