इथे हे बसले होते

आज सकाळी शेजारच्या काकांनी एका पूर्ण अनोळखी माणसाला आमच्या गेटच्या आत आणलं, नव्या डांबरी रस्त्यातली चार भोकं काठीने दाखवली आणि सांगितलं, "इथे हे बसले होते." मी दारात दात घासत उभा. त्या माणसाने आधी भोकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग वजनाचा अंदाज घेतल्यासारखं पुन्हा भोकांकडे. तोंडात फेस, त्यामुळे काही बोलताही येईना.

झालं ते थोडक्यात सांगतो. गेटपासून गाडी लावायच्या जागेपर्यंतच्या तुकड्याचं (ड्राइव्ह-वे म्हणतात म्हणे, पण आमच्या तुकड्याला ते नाव म्हणजे मांजराला वाघ्या म्हणून हाक मारणं) डांबरीकरण करायचं ठरलं आणि त्याचा मुहूर्तच निघेना. पाऊस असेल तर नाही, कारण खालची खडी ओली राहिली की वरचा थर धरत नाही. थंडी असेल तर नाही, कारण माल येतो साधारण १५० अंशांवर आणि ८०-८५ च्या खाली उतरायच्या आत त्याच्यावर रोलर फिरून झाला पाहिजे, नाहीतर तो दबत नाही, दबल्यासारखं दाखवतो फक्त. जमीनच गार असेल, १० अंशांच्या खाली वगैरे, तर ती खालून उष्णता ओढून घेते, आणि थर पातळ असला की विचारूच नका. शेवटी कडक उन्हात करायचं ठरलं. "दबाई एक नंबर होईल साहेब," मुकादम म्हणाला, "फक्त नंतर जरा नरम राहील." यातलं 'जरा' त्याने इतक्या हळू आवाजात म्हटलं की मला ते आत्ता, लिहिताना ऐकू आलं.

कामाच्या दिवशी डंपर उशिरा आला. मुकादमाकडे तापमान मोजायचं पिस्तूल होतं, नुसतं रोखलं की आकडा दाखवणारं. ते त्याने मालावर रोखलं, आकडा आला १४२, "चालेल" म्हणाला, आणि चूक केली ती इथे, पिस्तूल भिंतीवर ठेवलं. काका वाटच बघत होते. त्यांनी डंपर मोजला, रोलर मोजला, रोलरवरच्या माणसाची टोपी मोजली, आमचं मांजर मोजलं, आणि मग माझ्या कपाळावर रोखून जोरात ओरडले, "चौतीस! अहो, तुम्ही तर थंड पडलात!" बिगारी फावडी टेकवून हसायला लागले. मुकादम पिस्तूल मागतोय, काका म्हणतायत एक मिनिट, ही भिंत राहिली. इकडे घमेल्यातला माल अंशाअंशाने उतरतोय आणि माझ्या छातीत कळ. गेटजवळचा कोपरा आज खरखरीत आहे ना, खडी सुटतेय, तो त्या भिंतीच्या तापमानापायी, असं माझं ठाम मत आहे. मुकादमाचं मत वेगळं आहे, पण तो सध्या फोन उचलत नाही.

डांबर हा शब्दच मला आता पटत नाही. डांबरट, डांबून ठेवणे, सगळा गुन्हेगारी मामला. म्हणजे शब्दांचं एकमेकांशी नातं आहे की नाही ते भाषेवाल्यांनी बघावं, माझ्यापुरतं आहे, कारण पुढचे सात दिवस आमची गाडी आत डांबलेली होती. एरवी दोन-तीन दिवसांत गाडी चालते, पण एवढ्या उन्हात आठवडा थांबा असं सांगून गेले. हे गाडी आत असताना, काम झाल्यावर सांगितलं. मी आठवडाभर चालत फिरलो आणि रोज गाडीला लांबूनच बघून यायचो.

तर पहारा. कोणी दुचाकी आत घालू नये म्हणून तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मी प्लास्टिकची खुर्ची घेऊन गेटच्या आत बसलो. डांबरावरच. समोर कुंपणापलीकडे काका त्यांच्या ओट्यावर. मी फोनवर शोधत होतो की डांबर नक्की घट्ट कधी होतं, आणि भलतीकडेच पोचलो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल नावाच्या प्राध्यापकांनी १९२७ साली डांबराचाच भाऊबंद, पिच, तापवून एका नरसाळ्यात ओतलं. हातोडी मारली तर काचेसारखं फुटतं, पण मुळात ते द्रव आहे हे त्यांना दाखवायचं होतं. १९३० मध्ये नरसाळ्याचं खालचं टोक कापलं, आणि तेव्हापासून ते गळतंय, एक थेंब पडायला आठ-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त. नंतर जॉन मेनस्टोन यांनी ते अनेक वर्षं सांभाळलं. १९८८ मध्ये थेंब पडायला आलेला आणि हे काहीतरी प्यायला म्हणून बाहेर गेले, तेवढ्यात पडला. २००० मध्ये कॅमेरा लावला, तर ऐन वेळी कॅमेराच बंद. २०१३ मध्ये बिचारे वारले आणि पुढचा थेंब २०१४ मध्ये! मला इतकं वाईट वाटलं की उसासा टाकून मी मागे रेललो.

आणि मागेच गेलो. खुर्चीचे मागचे दोन पाय रस्त्यात रुतले होते, रस्त्याला पाणी वाहून जावं म्हणून मीटरला दोन सेंटीमीटरचा ढाळ दिलेला, तोही नेमका मागच्या बाजूला. मी पाय वर, फोन छातीवर, आकाश समोर.

"गेलात?" पलीकडून आवाज.

"काका, खुर्ची रुतली!"

"हो, बघत होतो ना मी."

"बघत होतात म्हणजे?"

"अहो पाऊण तास. आधी उजवा पाय गेला, मग डावा. पुढचे मात्र जेमतेम."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही वाचत होतात. म्हटलं कशाला डिस्टर्ब करा." थोडं थांबून, "आणि मला बघायचं होतं किती जातं ते."

हा माणूस त्या विद्यापीठात हवा होता. एक थेंब सुटला नसता.

मुकादमाला, तेव्हा उचलत होता, फोन करून विचारलं की हे आधी का सांगितलं नाही. तो म्हणाला, "साहेब, गाडीचं सांगतो आम्ही. खुर्चीचं कोण सांगतं?" बरोबर आहे. कोणीच सांगत नाही. दुचाकीचा स्टँड, जॅक, शिडी, सगळं रुततं, खाली प्लायचा तुकडा टाकायचा असतो. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवायचं नाही, चाक चालू असतानाच वळवायचं, नाहीतर चंद्रकोरी उमटतात (दोन आहेत, आठव्या दिवशीच्या, हिचं म्हणणं, मी काढलेल्या). कडेवरून चाक न्यायचं नाही, कडेला मातीचा आधार भरायचा, नाहीतर कड तुटते. डिझेल-पेट्रोल सांडू द्यायचं नाही, कारण डांबर आणि डिझेल एकाच कच्च्या तेलातली सख्खी भावंडं, भेटली की एकमेकांत विरघळतात. भेग दिसली की लगेच भरायची, एकदा पाणी आत गेलं की खालची खडीच हलते. हे सगळं मला काम झाल्यावर, तुकड्यातुकड्याने, दर वेळी काहीतरी बिघडल्यावर कळलं, आणि दर वेळी समोरचा माणूस असा चेहरा करतो की हे तर लहान पोरालाही माहीत असतं.

वर दुसऱ्याच आठवड्यात एकजण दारात, वरून काळं सीलकोट मारून देतो म्हणाला, भोकं दिसणारच नाहीत. नव्या डांबरातले हलके तेलकट अंश उडून ते पुरतं घट्ट व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं, त्याआधी वरून बंद केलं तर ते नरमच राहतं. एवढं तोपर्यंत मी शिकलो होतो. त्याला घालवला. मारायचं ते पुढच्या वर्षी, आणि मग तीन-चार वर्षांनी एकदा, उगाच दरवर्षी थापलं की पोपडे निघतात. म्हणजे अजून वर्षभर भोकं उघडीच.

तर आज सकाळी मी चूळ भरून बाहेर आलो तोवर काकांनी त्या माणसाला चंद्रकोरीही दाखवून झाल्या होत्या. मागच्या भोकांवर मी प्लायचा तुकडा झाकून ठेवलेला, तो काठीने बाजूला सारलेला. तो माणूस वाकून भोकात बोट घालून बघत होता.

"बराच वेळ बसले असतील," तो म्हणाला.

"पाऊण तास," काका म्हणाले, आणि प्लाय पायाने सरकवून पुन्हा जागेवर ठेवला.