माझं काम क्लँपपर्यंत

सौर पॅनेल २५ वर्षे वीज देते, असे विकणारा सांगतो आणि ते खोटेही नसते. फक्त भोवतीची ॲल्युमिनियमची फ्रेम तितकी वर्षे काचेशी नांदेल, असे त्याने कोठेही म्हटलेले नसते. कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या गच्चीवर हा बेबनाव वळवाच्या पहिल्या वादळानंतर उघडकीस आला. वारा सुटला की एक पॅनेल खडखडू लागे, आणि त्याबद्दलची पहिली लेखी तक्रार गच्चीखालच्या फ्लॅटमधील काकूंनी, दुपारची झोपमोड होते या एकमेव मुद्द्यावर, चिटणिसांकडे दिली.

पॅनेलची काच फ्रेमच्या खाचेत सिलिकॉनने चिकटवलेली असते आणि फ्रेमच्या चार पट्ट्या कोपऱ्यांत एकमेकींत अडकवलेल्या असतात. पुण्याच्या अक्षांशाला साजेल असा सुमारे १८ अंशांचा उतार दिलेला असल्यामुळे पावसाचे पाणी आणि आसपासच्या बांधकामांची धूळ खालच्याच कडेला मुक्कामाला येतात. तेथले सिलिकॉन सुटून त्याची करडी दोरी बाहेर लोंबत होती, कोपऱ्यात रुपयाचे नाणे सहज जाईल एवढी फट पडली होती आणि त्या फटीत पारव्याचे एक पीस अडकले होते. दोष एवढाच.

आता हा दोष कोणाचा, हे ठरवायचे होते. कंपनीच्या प्रतिनिधीने फोनवर अतिशय नम्रपणे सांगितले की २५ वर्षांची हमी ही वीजनिर्मितीची आहे, आणि ॲपवर तर तुमची निर्मिती उत्तम दिसते आहे, तेव्हा अभिनंदन. फ्रेमचे काय, असे विचारल्यावर तो म्हणाला की ती वेगळी, कमी मुदतीची हमी असून बसवण्यातील चुकीला ती लागू नाही. बसवणाऱ्याला बोलावले, तर त्याने स्ट्रक्चरचा, म्हणजे पॅनेलखालच्या सांगाड्याचा, आणि त्यावर पॅनेल पकडून ठेवणाऱ्या क्लँपचा प्रत्येक बोल्ट पान्याने फिरवून दाखवला आणि हात पुसत म्हणाला, "साहेब, माझं काम क्लँपपर्यंत. क्लँपनं पॅनेलला धरायचं, पॅनेलनं स्वतःला धरायचं." या युक्तिवादात मला आजतागायत खोट सापडलेली नाही.

तळमजल्यावरील निवृत्त अभियंत्यांनी, कोणी न विचारता, फ्रेमला दोन भोके पाडून रिव्हेट मारण्याची सूचना केली. त्या काचेच्या कडेला ड्रिलचा धक्का लागला तर टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, असल्यामुळे ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तडकते, हे सांगितल्यावर त्यांनी "मग दर्जाच वाईट" असा निकाल दिला. हार्डवेअरच्या दुकानदाराने पुढे केलेली सिलिकॉनची नळी बाथरूमची होती. ते सुकताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, आणि तेच आम्ल धातू खाते. मला न्यूट्रल सिलिकॉन हवे होते. "काचेलाच लावायचं ना? मग काच ती काच," असे म्हणून त्याने माझ्याकडे दयेने पाहिले आणि ते मात्र काढून दिले.

शेवटी खिडक्यांच्या सेक्शनचे काम करणारा एक मिस्त्री तयार झाला, पण भर दुपारी. इन्व्हर्टर बंद केला तरी उन्हातल्या पॅनेलला बटण नसते आणि माळेने जोडलेली दहा पॅनेल मिळून ४०० व्होल्टच्या वर दाब धरून असतात, हे ऐकल्यावर तो चपला घालू लागला. मग काम मावळतीनंतर करायचे ठरले. त्याने जुने सिलिकॉन पात्याने खरवडले, खाच स्पिरिटने पुसली, नवे सिलिकॉन भरले आणि कोपरे पट्ट्याने आवळून ठेवले. सिलिकॉन पुरते सुकेपर्यंत पॅनेलला हात लावू नये, अशी पाटी चिटणिसांनी लावली. ती वाचण्यासाठी निम्मी सोसायटी गच्चीवर आली आणि बहुतेकांनी हात लावून पाहिला.

खडखडाट थांबला. मिस्त्रीने बिलाखाली स्वतःहून हमीही लिहून दिली: "एक वर्ष गॅरंटी, वारा व पाऊस सोडून." चिटणिसांनी ते बिल कंपनीच्या हमीपत्राच्याच फायलीत लावले.