ठिणगी दिसली म्हणजे करंट ठीक? जुन्या गाडीवरच्या एका मेसेजचा प्रतिवाद

‘जुनी गाडी मिसिंग करते? गॅरेजला पैसे घालवू नका’ अशा मथळ्याचा एक मेसेज जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. मला तो तीन महिन्यांत चार वेळा आला, त्यातला एक सख्ख्या मेहुण्याकडून. मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये अधूनमधून पेट्रोल न पेटणं. ते पेटवायची व्यवस्था म्हणजे इग्निशन: कॉइल बॅटरीच्या करंटपासून हजारो व्होल्ट बनवते, डिस्ट्रिब्युटर ते एकेका प्लगला वाटतो, आणि त्यातले पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच. मजकूर थोडक्यात असा: प्लगची वायर काढून बॉडीजवळ धरा, ठिणगी पडली की इग्निशन ओके. प्लग काळा असेल तर कॉइल वीक, बदला. पॉइंट पॉलिश पेपरने घासा आणि हॅक्सॉ ब्लेडने गॅप लावा. कंडेन्सर फक्त रेडिओची खरखर थांबवायला असतो, नसला तरी चालतं. तापल्यावर गाडी बंद पडते? शंभर टक्के कॉइल. आणि शेवटी: पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट टाका, कटकट कायमची संपेल.

माझ्याकडे 1980 च्या दशकातली ॲम्बॅसॅडर आहे. 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन, पॉइंट-कंडेन्सरवालं. पद्मिनी असो वा कार्बोरेटरवाली मारुती 800, आकडे बदलतात, तत्त्व तेच राहतं. यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला मी कधी ना कधी पाळला आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी ठिणगी. कॉइलमधून निघणारं हजारो व्होल्ट उघड्या हवेत दोन-तीन मिलिमीटरची फट सहज ओलांडतं. पण प्लग काम करतो तो सिलिंडरच्या आत, पिस्टनने हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलेलं असताना. दाब वाढला की तेवढीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून बाहेर ठिणगी देणारी कॉइल आत नापास होऊ शकते, आणि चढावर पाय दाबला की नेमकी तिथेच होते. बाहेर बघायचंच असेल तर सहा मिलिमीटरची फट ठेवा. ती ओलांडून ठिणगी निळसर-पांढरी, टणकन आवाज करत पडली तर बरं. पिवळी-नारिंगी, बारीक पडली तर काहीतरी कमी आहे. वायर हातात धरू नका. जादाचा एक प्लग वायरला लावून तो इंजिनच्या लोखंडाला टेकवा, आसपास पेट्रोल सांडलेलं नाही ना ते पाहा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा.

तरीही ठिणगी पडते की नाही, हा अर्धाच प्रश्न झाला. ती कधी पडते, याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. ती वेळ म्हणजे टायमिंग. ते मागे गेलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडली, की झकास ठिणगी असूनही गाडी तापते, पिकअप जातो, पेट्रोल खाते. टायमिंग पुढे गेलं की चढावर इंजिन खडखडतं.

काळ्या प्लगचा मुद्दा मात्र निव्वळ खिसा कापणारा आहे. कोरडी, भुरभुरीत काजळी म्हणजे बहुतेक वेळा पेट्रोल जास्त: चोक पूर्ण उघडत नाही, एअर फिल्टर तुंबलाय, कार्बोरेटरमधल्या फ्लोटची पातळी वर आहे. तेलकट काळा असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइडकडे बघा, तिथून इंजिन ऑइल आत येत असतं. पेट्रोलने ओला असेल तर त्या सिलिंडरला ठिणगी मिळत नाही किंवा इंजिन फ्लड झालंय. पांढराफटक, फोड आलेला प्लग सर्वांत वाईट, मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) किंवा टायमिंग फार पुढे. कॉइल चारही सिलिंडरना एकच असते. ती खरंच कमजोर असेल तर त्रास चौघांनाही व्हायला हवा. एकच प्लग काळा आणि बाकीचे तांबूस असतील तर त्या प्लगची वायर, डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधला त्याचा कोपरा किंवा तो सिलिंडर तपासा. आणि प्लगच्या रंगांचे जुने तक्ते शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातले आहेत. ते पेट्रोल देशभरात 2000 साली बंद झालं, तेव्हा रंगावर फार विसंबू नका.

आता पॉइंट. इथे जरा रेंगाळतो, कारण निम्मी गडबड इथेच असते.

हॅक्सॉ ब्लेडची जाडी साधारण 0.63 मिलिमीटर. गंमत म्हणजे ॲम्बॅसॅडरच्या प्लगचा गॅप जवळपास तेवढाच, त्यामुळे रस्त्यावर अडलेल्या मिस्त्रीने प्लगला ब्लेड लावलं तर मी काही बोलणार नाही. पण पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर. तिथे ब्लेड लावलं की गॅप दीडपटीहून मोठा होतो. मग पॉइंट फार कमी वेळ मिटलेले राहतात आणि तेवढ्यात कॉइल पुरती भरत नाही. हिशोब बघा: चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतं तेव्हा सेकंदाला 100 ठिणग्या लागतात. म्हणजे एका ठिणगीला सगळे मिळून 10 मिलिसेकंद, त्यातले सहा-सात कॉइल भरायला. तेही कापले की गाडी आयडलला गोड आणि वेगात फडफडते.

शिवाय गॅप बदलला की टायमिंग बदलतं. मोठा गॅप म्हणजे पॉइंट लवकर उघडतात, ठिणगी आधी पडते. लहान गॅप म्हणजे उशिरा. डिस्ट्रिब्युटरच्या फिरत्या कॅमवर घासणारी पॉइंटची फायबरची टाच झिजत जाते, गॅप आपोआप कमी होतो आणि टायमिंग हळूहळू मागे पडतं. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग, हाच क्रम. उलट केलंत तर दोनदा करावं लागेल.

पॉलिश पेपरचे कण पॉइंटच्या तोंडात रुततात आणि पॉइंट पुन्हा जळतात. बारीक पॉइंट फाइल वापरा, नंतर स्वच्छ कार्ड फिरवून पुसा. एका पॉइंटवर टेंगूळ आणि समोरच्यावर खड्डा असेल तर गॅप मोजायची पट्टी, म्हणजे फिलर गेजही खोटं बोलतं. ते टेंगळावर टेकतं, खरा गॅप त्याहून मोठा असतो. असे पॉइंट सरळ बदला.

ते टेंगूळ बहुधा कंडेन्सरची तक्रार असते. ज्याला मेसेज रेडिओचा भाग म्हणतो तो हा कंडेन्सर, साधारण 0.2 मायक्रोफॅरडचा. पॉइंट उघडताना करंट पॉइंटमध्येच ठिणगी पाडून पुढे जाऊ पाहतो. कंडेन्सर तो झेलतो, म्हणून कॉइलमधला करंट झटकन तुटतो आणि तेवढ्यासाठीच दुसऱ्या बाजूला हजारो व्होल्ट तयार होतात. कंडेन्सर काढला तर प्लगची ठिणगी मरते आणि पॉइंट जळतात. रेडिओच्या खरखरीसाठी असतो तो वेगळा, तो काढून खुशाल फेका. ही सगळी रचना अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने 1910 च्या सुमारास कॅडिलॅकसाठी रुळवली. त्याच्या कंपनीचं नाव डेल्को. आपल्याकडचे जुने मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला आजही ‘डेल्को’ म्हणतात ते त्यावरूनच.

तापल्यावर बंद पडणारी गाडी. कॉइल गरम होऊन आतली तार तुटू शकते, हे खरं. कंडेन्सरही तापल्यावर दगा देतो. पण मे महिन्यात घाट चढून आलेल्या गाडीत पेट्रोलची वाफ होऊन पंप रिकामा मारतो, हेही तितकंच नेहमीचं. पंपावर ओलं फडकं टाकायची युक्ती त्याचसाठी आहे. मेसेज म्हणतो 20 मिनिटं थांबून सुरू झाली तर कॉइल गेली. अहो, 20 मिनिटांत कॉइल गार होते, वाफेचं पेट्रोल होतं आणि आपलं डोकंही थंड होतं. त्यातून काय सिद्ध झालं? तपासायचं ते बंद पडल्या पडल्या, पहिल्या दोन मिनिटांत. जादाच्या प्लगवर ठिणगी जोरदार असेल तर इग्निशन सोडा आणि कार्बोरेटरमध्ये डोकवा. इंजिन बंद ठेवून एक्सलरेटरची दांडी झटक्यात ओढली तर पेट्रोलची बारीक चिळकांडी दिसायला हवी. नाही दिसली तर रोग पेट्रोलचा.

किटबद्दल मी मेसेजशी अर्धा सहमत आहे. पॉइंट झिजणं, गॅप बदलणं हे किटने खरंच जातं. पण डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश झिजलाय, कॅपला चीर गेली आहे, वायरींमधून करंट गळून त्या अंधारात निळ्या चमकतात, हे दोष तसेच राहतात. शिवाय किट कोणत्या कॉइलसाठी आहे ते बघावं लागतं. साध्या कॉइलचं प्रायमरी साधारण तीन ओहमचं, बॅलास्टवाल्या (वेगळा रोधक जोडलेल्या) कॉइलचं दीड. चुकीची जोडी बसवलीत तर किटच जळेल. बिघाड शोधून मग किट लावा, बिघाडावर पांघरूण म्हणून नको. आणि जुने पॉइंट डिकीत ठेवा.

मेसेजमध्ये नसलेली एक तपासणी मात्र सांगतोच. साधं मल्टिमीटर घ्या. एक पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर, दुसरी कॉइलच्या त्या टर्मिनलवर जिथून वायर डिस्ट्रिब्युटरला जाते. स्विच ऑन, पॉइंट मिटलेले: मीटर शून्याच्या जवळ हवं. अर्धा-एक व्होल्ट दाखवत असेल तर पॉइंट घाण आहेत किंवा अर्थिंग नीट नाही. पॉइंट उघडले की बॅटरीइतकं व्होल्टेज.

माझ्या गाडीचं दुखणं विचित्र होतं. खंबाटकीच्या चढावर पाय पूर्ण दाबला की नीट चाले, सपाटीला हलक्या पायाने चालवली की मिसिंग. एका गॅरेजमध्ये प्लग, वायरी, कंडेन्सर आणि मेसेजची लाडकी कॉइलही बदलून झाली. फरक शून्य. शेवटी मीटर लावून व्हॅक्यूम ॲडव्हान्सची, म्हणजे इंजिनच्या ओढीवर टायमिंग पुढे करणाऱ्या भागाची नळी तोंडाने ओढली. पॉइंट बसवलेली आतली प्लेट फिरली आणि मीटरचा आकडा शून्यावरून टुणकन वर गेला. डिस्ट्रिब्युटरच्या आत त्या हलणाऱ्या प्लेटला अर्थिंग देणारी बोटभर वायर असते. ती कव्हरच्या आत तुटलेली होती. हलक्या पायाला व्हॅक्यूम प्लेट फिरवी आणि वायर सुटे, पाय पूर्ण दाबला की व्हॅक्यूम जाई आणि टोकं पुन्हा टेकत.

तिथे बारीक तारांची मऊ वायर लागते, घरातल्या वायरिंगची जाड वायर घातली तर प्लेट अडते. बदलायला अर्धा तास लागला. जुनी कॉइल परत बसवली, ती अजून चालते आहे. नवी डिकीत पडून आहे, पॉइंटच्या शेजारी.